उलट्या बसवलेल्या झडपा

कोल्हापुरातून कळंब्याकडे जाताना एक कॉलनी लागते. तिथल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी बसवलेली एक खिडकी आहे. कुणा जाणत्या सुतारानं ती आतून पाहिली तर पोट धरून हसेल, कारण तिच्या दोन्ही झडपा उलट्या आहेत. खालची बाजू वर, वरची खाली. दुसऱ्या कुणी असं काम केलेलं मला दिसलं असतं तर चार लोकांत त्याची टर उडवल्याशिवाय मी राहिलो नसतो. पण पस्तीस वर्षांच्या लाकूडकामात ज्या चार-दोन कामांचा मला मनापासून अभिमान वाटतो, त्यात ही खिडकी पहिली येते.

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, देवघरांवर लिहा. लोक आवडीनं वाचतील." देवघरं मी पुष्कळ केली. पण देवघराबद्दल सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. एकदा बसवलं की बसवलं, देव काही तक्रार घेऊन येत नाहीत. खिडकीशी रोज माणसाची गाठ असते आणि आमच्या कोल्हापूरचं माणूस मनात काही ठेवत नाही. त्यामुळं खिडक्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशानं शिकवलं नाही.

आधी आतली झडप म्हणजे काय ते सांगतो. हल्ली खिडकी म्हणजे बाहेरून ग्रिल आणि आत सरकती काच. काचेच्याही आत, खोलीच्या बाजूला, लाकडी दारं असतात ती आतली झडप. जुन्या बंगल्यांत ती हमखास असायची. पडदे आल्यावर ती गेली आणि आता पडदे धुऊन कंटाळलेले लोक तीच परत मागायला लागलेत.

झडपेच्या दोन्ही कडांना दोन उभ्या पट्ट्या असतात. त्यांना आम्ही नुसतं 'उभी' म्हणतो. वर आणि खाली एकेक 'आडवी'. खालची आडवी नेहमी वरचीपेक्षा रुंद ठेवायची. धक्के, पाणी, केरसुणी सगळं खालीच लागतं आणि डोळ्यालाही खाली वजन असलेलं बरं दिसतं. झडप उंच असेल तर मध्ये तिसरी आडवी घालायची, नाहीतर पावसाळ्यात उभी वाकतात. या चौकोनाच्या आत पातळ पात्या, एकीवर एक. प्रत्येक पातीच्या दोन्ही टोकांना लाकडाची खुंटी असते आणि ती उभीच्या भोकात फिरते. खोलीच्या बाजूनं सगळ्या पात्यांना जोडणारी एक उभी काडी असते. काडी खाली ओढली की पात्या उघडतात, वर ढकलली की मिटतात आणि काडीचं टोक वरच्या आडवीत कोरलेल्या छोट्या खाचेत जाऊन बसतं. मिटलेल्या पात्यांचा उतार कौलांसारखा बाहेरच्या बाजूला असतो. माझ्या मिस्त्रींनी मला असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या मिस्त्रींनी.

जुन्या लोकांच्या कामापुढं मी आजही मान खाली घालतो. एका बंगल्यातली झडप दुरुस्तीला आली होती. माझ्या आजोबांच्या वयाची असेल. रंगाचे सात थर खरवडून काढले, काडीला बोट लावलं आणि एकवीस पात्या एका दमात मिटल्या. ना खिळा, ना स्क्रू. ज्यानं ती केली त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेतलं नाही, नुसता तिच्याशी खेळत बसलो.

भाग कळले की उरते मांडणी. पूर्ण उंचीची झडप, नुसत्या खालच्या अर्ध्याची झडप किंवा दोन मजली, म्हणजे वरची जोडी वेगळी, खालची वेगळी. रस्त्याकडेच्या खोलीला अर्धी चांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर अडते आणि वरून उजेड येतो. स्वयंपाकघराला दोन मजली. म्हणून मी गिऱ्हाइकाला खिडकी केवढी आहे हे आधी विचारत नाही, ते मी बघून घेतो. माझा पहिला प्रश्न असतो, "या खिडकीपाशी तुम्ही काय करता?" यावर लोक चमकतात. एका बंगलेवाल्यानं मोबाइलमधला फोटो पुढं केला आणि म्हणाला, "काय करत न्हाय, पावणं. असं दिसाय पायजे." त्याला मिटणाऱ्या झडपा नकोच होत्या, खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीवर कायमच्या ठोकून हव्या होत्या. मी ते काम सोडलं. बायको दोन दिवस बोलली नाही.

माप मी टेपनं घेत नाही. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकवून चौकटीत ताणतो आणि पेन्सिलीची खूण करतो. वर, मध्ये, खाली अशी तीनदा. आपल्याकडची एकही चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते. आकडा लिहिताना माणूस चुकतो, काठी चुकत नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. आणि चुकलो ते नेमका जिथं काठीचं काही काम नव्हतं तिथं.

कळंब्याकडच्या त्या घरातल्या वैशालीताई एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स. वय बत्तीस-तेहतीस. नवरा वारणानगरकडे दुधाच्या टँकरवर, तो घरी कमीच. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई हौसाबाई. हौसाबाई मूळच्या शेतातल्या, बोलल्या की तीन घरांपलीकडं ऐकू जावं असा आवाज. मला फोन त्यांनीच केला होता.

"पावणं, माझ्या सुनंला दिवसा झोप लागाय पायजे. अंधार करून द्या."

एवढं स्पष्ट काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा वैशालीताईंचे डोळे लाल झालेले होते. आठवड्यातल्या पाच रात्री ड्युटी, सकाळी नऊला घरी, दुपारी तीनपर्यंत झोपायचं. पण खोली दक्षिणेला, खिडकी मोठी. जाड पडदे लावून पाहिले तर एप्रिलमध्ये खोली भट्टीसारखी तापायची. म्हणजे अंधार हवा आणि वाराही हवा. सबंध फळीची झडप इथं बाद. पात्यांचीच झडप हवी होती.

"काका, रात्री इंजेक्शन भरताना मी बाटलीवरचं नाव तीन-तीनदा वाचते," त्या म्हणाल्या. "पूर्वी एकदा वाचलं की पुरायचं. मला भीती वाटायला लागलीय." दवाखान्यात दिवसपाळी मिळण्यासारखी नव्हती. दीडेक महिना बघायचं आणि नाहीच जमलं तर पहिल्या तारखेला राजीनामा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. राजीनामा लिहून फ्रिजवर ठेवलेलासुद्धा होता. बारा वर्षांची नोकरी होती ती.

मी मन लावून काम केलं. सुकलेलं जुनं सागवान काढलं, पात्या नेहमीपेक्षा जवळजवळ बसवल्या. जिथं दोन झडपा मिळतात तिथं एकीची कड दुसरीवर चढेल अशी खाच घेतली, म्हणजे मधून सूतभरही फट नाही. बसवायला गेलो तो संध्याकाळी चारला, ताई उठल्यावर. बसवताना पटाशी सटकली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. मी फडकं गुंडाळायला लागलो तर ताईंनी हात ओढून घेतला. जागरणानं अर्धी झालेली ती बाई, पण तिची बोटं काय चालली म्हणून सांगू. धुतलं, दाबलं, बांधलं, मला कळायच्या आत गाठ बसलीसुद्धा. मी हातांची किंमत ओळखणारा माणूस आहे. हे हात घरी बसणार या विचारानं मला खरंच वाईट वाटलं.

सहा वाजता काम संपलं. काडी वर ढकलली, पात्या मिटल्या, खोलीत अंधार झाला. मी खूष होऊन घरी आलो.

चार दिवसांनी ताईंचा फोन. "काका, उजेड येतोय."

"कुठून येईल?" मी म्हणालो. "मी स्वतः बघितलंय ताई. मोबाइल बघत पडत असाल. झोपेची सवय लागायला वेळ लागतो."

हे वाक्य मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते. ताई "बरं काका" म्हणाल्या आणि फोन ठेवला. कुणी भांडलं असतं तर मी त्याच दिवशी गेलो असतो.

पुढच्या आठवड्यात हौसाबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच, पण आत काहीतरी तुटलेलं होतं.

"मिस्त्री, पोरगी गाडीवरनं पडली. सकाळी येताना डोळा लागला तिचा. हनुवटीला तीन टाकं पडल्यात. मागं ट्रक न्हवता म्हणून वाचली. तुमी येऊन ती खिडकी बगा, न्हायतर काडून न्या."

मी जेवणावरून उठलो. पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. ताई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, हनुवटीला पट्टी, कोपर सोललेलं. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. राहू द्या आता. सहा दिवसांनी देणारच आहे कागद." त्यांनी चिडून बोललेलं मला सोसलं असतं.

मी खोलीत जाऊन झडपा मिटल्या आणि समोर उभा राहिलो. पात्या बरोबर मिटलेल्या दिसत होत्या. हौसाबाई दारात कमरेवर हात ठेवून.

"उबं ऱ्हाऊन काय बगतासा? झोपणारं माणूस आडवं पडून बगत असतंय. पडा की."

त्यांनी पलंगाशेजारी चटई टाकली. मी आडवा झालो. आणि वर पाहिलं.

छतावर उजेडाच्या पट्ट्याच पट्ट्या. पात्यांच्या प्रत्येक फटीतून एक, अशा ओळीनं, चांगल्या लख्ख. त्यांच्याखाली पंखा फिरत होता आणि त्याची पाती तो उजेड सारखी कापत होती. सगळं छत लुकलुक करत होतं. डोळे मिटले तरी पापण्यांवर ते नाचत होतं. मी दोन मिनिटं पडलो असेन, कपाळ दुखायला लागलं. ही बाई या छताखाली पंधरा दिवस झोपायचा प्रयत्न करत होती आणि मी तिला सवय लावा म्हणून सांगितलं होतं.

उठलो, झडप उघडून बाहेर पाहिलं. खाली शेजाऱ्याच्या शेडवर नवा कोरा पत्रा. डोक्यावरचं ऊन त्यावर पडून सरळ वर फेकलं जात होतं. खिडकीवर रुंद छज्जा असल्यामुळं आभाळाचा उजेड आत येतच नव्हता. येत होता तो सगळा खालून. आणि माझ्या पात्यांचा उतार बाहेर खाली, आत वर. खालून येणाऱ्या उजेडाला मी छतापर्यंत चढायला जणू शिडीच करून दिली होती. शिवाय काडी वर ढकललेली, तिच्याच वजनानं ती कणभर खाली यायची आणि मिटलेल्या पात्या किलकिल्या व्हायच्या. मी तपासलं होतं संध्याकाळी, पत्र्यावर सावली आल्यावर आणि उभं राहून.

उतार बाहेर का ठेवायचा? पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून. पण ते उघड्यावरच्या झडपांना. इथं पुढं काच आहे, आत पाऊस येणार कुठून? तीस-पस्तीस वर्षं मी आतल्या झडपांना न येणाऱ्या पावसासाठी उतार देत होतो. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि स्वतःलाही विचारलं नाही.

नव्या झडपा करायच्या तर तीन आठवडे हवेत. हातात सहा दिवस होते. मी पलंगाच्या कडेला टेकलो आणि खिशातल्या पेन्सिलीनं हातावरच पाती काढून बघत बसलो. उतार उलटा हवा. काडी खाली ओढल्यावर पात्या मिटायला हव्यात, म्हणजे तिचं वजनही मिटवायच्याच कामी येईल. हात फिरवून ते चित्र उलटं पाहिलं आणि लख्खकन कळलं. झडप तीच. नुसती डोक्यावर उभी करायची. डावी झडप उलटी करून उजवीकडं, उजवी उलटी करून डावीकडं. बिजागऱ्या खोलीच्याच बाजूला राहतात, मधली कड कडेवर बसते, सगळं जुळतं.

एकच गोष्ट जुळत नव्हती. रुंद आडवी वर जाणार होती, काडीची खाच खाली येणार होती. येणारा-जाणारा सुतार म्हणणार, याला झडपेचं वर-खाली कळत नाही. खोटं कशाला बोलू, ते मनात आलं आणि पाचेक मिनिटं मी तिथंच अडून राहिलो. मग स्वयंपाकघरातून ताईंच्या खोकल्याचा आवाज आला आणि मी उठलो.

घरी जाऊन हत्यारं घेऊन आलो. चौकटीत बिजागऱ्यांची घरं नवी कोरली, जुनी तुकडे घालून बुजवली. एकट्यानं झडपा उतरवून, फिरवून, परत चढवायच्या, वेळ लागलाच. शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा साडेसहा झाले होते. हौसाबाई बराच वेळ निरखून बघत होत्या.

"मिस्त्री, ह्ये उलटं दिसतंय की."

"उलटंच हाय, मावशी."

"झोप लागंल?"

"लागंल असं वाटतंय." पहिल्यांदा मी एखाद्या कामाबद्दल 'वाटतंय' म्हणालो असेन. पत्र्यावर सावली आली होती. उजेडाची परीक्षा त्या दिवशीही झाली नाही.

त्यानंतर मी फोन केला नाही. धाडसच झालं नाही. ताईंचाही आला नाही. पहिली तारीख आली तशी मी दिवसभर फोन खिशात घेऊन हिंडलो. दुसरी गेली, तिसरी गेली. घरी बायको म्हणाली, "जाऊन या की एकदा." दहा तारखेला न राहवून निघालो. मुद्दाम भर बारा वाजता, पत्रा तापलेला असताना.

फाटक उघडलं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर हौसाबाई बसलेल्या. पुढ्यात शेंगांची पाटी. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कोल्हापुरात जन्म गेला माझा, पण अशा बाईला कुजबुजताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला खाली वाकून कान जवळ न्यावा लागला.

"झोपलीया."

"झोप लागतीया?"

"नवाला पडली की तीनलाच उठतीया. उठवायला जावं लागतंय." मग शेंग फोडायची थांबून म्हणाल्या, "पयली तारीख हून गेली की. न्हाय दिला कागद. सोमवारपास्नं परत ड्युटीवर हाय."

तेवढ्यात रस्त्यावर भंगारवाला भोंगा लावून आला, तर हौसाबाई पाटी बाजूला ठेवून तरातरा फाटकाशी गेल्या आणि हातानंच त्याला असा दम भरला की त्यानं भोंगा बंद करून गाडी ढकलत नेली. शेजारच्या घरातली टीव्हीची कुरबुरसुद्धा बारीक होती. ती कुणी बारीक करायला लावली असेल हे मला विचारावं लागलं नाही. सगळ्या गल्लीला त्या बाईनं एक झडप लावली होती.

मी हळूच म्हणालो, "मावशी, पाच मिंटं वर जाऊन येतो. दारातनंच बगतो. छतावर उजेड पडतोय का एवढंच."

"का?"

"मी केलेलं काम हाय. मला बगाय पायजे."

त्या परत पायरीवर बसल्या, जिन्याच्या बरोबर मध्ये. "ती पाच मिंटं तिची हाईत मिस्त्री. तुमची न्हाईत."

त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. निघालो तर फरशीवर माझ्या चपला करकरल्या. हौसाबाईंनी वर पाहिलं. मी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी फाटकाबाहेर आलो.